दगडाचा दोष

आमच्या जुन्या घराच्या ओट्याला काळ्या दगडाची एक रुंद पायरी होती. घर पाडून नवे बांधले तेव्हा आईच्या आग्रहाखातर तेवढी पायरी आम्ही ठेवून घेतली. ती आता परसात विहिरीपाशी आहे. संध्याकाळी रोझरीची प्रार्थना आटोपली की आजोबा त्या पायरीवर टेकत आणि आम्ही मुले त्यांच्याभोवती बसत असू. दिवसभर तापलेला तो दगड रात्री उशिरापर्यंत ऊब धरून ठेवी. दगडाविषयी माझ्या मनात त्या काळी जिव्हाळ्याखेरीज दुसरी भावना नव्हती.

१९९३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात ती भावना बदलली. त्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजण्यास चार मिनिटे असताना, लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते आणि थकलेली माणसे गाढ झोपेत होती. क्षणार्धात हजारो जीव गेले. आमच्या धर्मग्रामातून धान्य, कपडे आणि घोंगड्या घेऊन जो गट तिकडे गेला त्यात मीही होतो. किल्लारीच्या परिसरातील एका गावी दगडांच्या ढिगाऱ्यावर एक वृद्ध शेतकरी बसला होता. त्याच्या पायाशी पडलेले दगड आमच्या पायरीसारखेच काळे होते. घोंगडी हाती घेऊन तो म्हणाला, “याच दगडानं माझ्या बापाला घर दिलं. याच दगडानं माझी सून आन् दोन नातवंडं नेली. आता मी याला काय म्हणू, सांगा.”

मी तेव्हा तरुण होतो. मौन राखावे एवढे शहाणपण माझ्या अंगी नव्हते. “आजोबा, देवाची इच्छा,” असे मी म्हणालो. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, “तुमची माणसं समदी हायेत न्हवं?”

मी होकारार्थी मान हलविली. आमचे संभाषण तिथेच संपले. त्या गोष्टीला तीस वर्षे उलटून गेली, परंतु त्या प्रश्नाने दिलेली शरम अजून ओसरलेली नाही. माझे उत्तर चुकीचे होते की ते उच्चारण्याचा मला अधिकार नव्हता, याचा विचार मी वेळोवेळी करीत आलो आहे. दगडाला काय म्हणावे हे ठरवायचे, तर हा दगड कोण, कुठून आला, हे आधी जाणून घ्यावे लागते. म्हणून प्रथम त्याचे कुळ पाहू.

आपल्या घरांचे, किल्ल्यांचे आणि मंदिरांचे हे काळे पाषाण म्हणजे शास्त्रज्ञांच्या भाषेत बेसाल्ट. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेच्या दर्शनी भागासाठीही हाच दगड वसईहून नेला गेला असे सांगतात. पृथ्वीच्या पोटात सर्वत्र वितळलेला लाव्हा उकळत असतो, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः तसे नाही. भूकवचाखालचा प्रावरण नावाचा प्रचंड थर अतिशय तप्त असूनही घनच असतो, कारण वरच्या खडकांचा अफाट दाब त्याला वितळू देत नाही. हा तप्त खडक अत्यंत संथ गतीने वर सरकू लागला की त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि उष्णता तितकीच असूनही त्याचा काही अंश वितळतो. तो सगळा वितळत नाही. जी द्रव्ये लवकर पाझरतात तेवढीच बाहेर पडतात. हा पाझर भेगांतून वर येतो आणि सुमारे अकराशे ते बाराशे अंश सेल्सियस तापमानाचा लाव्हा होऊन जमिनीवर पसरतो. तो निवाला की बेसाल्ट तयार होतो.

ज्वालामुखीचा स्वभाव बव्हंशी सिलिकेच्या प्रमाणावर ठरतो. सिलिका म्हणजे आपल्या वाळूतील व गारगोटीतील मुख्य द्रव्य. लाव्ह्यात ती शेकडा ६५ ते ७० इतकी असली तर तो चिकट होतो, त्यात वायू कोंडतात आणि डोंगराचा माथा स्फोटाने उडतो. बेसाल्टमध्ये सिलिका शेकडा पन्नासच्या आसपासच असते. उरलेल्या भागात अॅल्युमिनियम, लोह, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची संयुगे असतात. त्यामुळे त्याचा लाव्हा पातळ असतो, आणि उतार मिळेल तिकडे तो पुराच्या पाण्यासारखा कोसच्या कोस वाहत जातो. लोहयुक्त खनिजांमुळे त्याला काळा रंग येतो. वायूचे बुडबुडे अडकून त्यात ज्या पोकळ्या राहतात, त्यांत पुढे झिरपत्या पाण्यातून स्फटिक वाढतात. पुणे आणि नाशिककडच्या खाणींतून मिळणारे पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. सौंदर्याचे हे घर एका बुडबुड्याने बांधले, ही कल्पना मला नेहमीच नवलाची वाटते.

असे लाव्ह्याचे पूर महाराष्ट्रात एकदा नव्हे, असंख्य वेळा आले. त्यांचा मुख्य काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे. त्यांतील बहुतांश लाव्हा दहा लाख वर्षांहून कमी अवधीत बाहेर पडला असे मानले जाते. त्या वेळी भारतभूमी आजच्या जागी नव्हती, ती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत होती. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर आज जो ज्वालामुखी जागृत आहे, त्याच्याच पोटातील उष्ण स्रोतावरून आपली भूमी तेव्हा जात होती असे बहुसंख्य अभ्यासक समजतात. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या लाव्ह्याखाली आहे आणि सह्याद्रीत या थरांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. घाट चढताना डोंगराच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ते हेच थर. या खडकांना ‘ट्रॅप’ हे नाव पडले तेही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून.

या पायऱ्या वाचण्याचा नियम ज्याने जगाला दिला, त्याचे स्मरण आपल्या वाचकांना विशेष आवडेल. निकोलस स्टेनो हा डेन्मार्कचा शरीरशास्त्रज्ञ. १६६९ साली त्याने प्रतिपादन केले की एकावर एक साचलेल्या थरांत खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. आज हे कुणालाही उघड वाटेल. पण त्या काळी दगडालाही इतिहास असतो, हा विचारच नवा होता. स्टेनोने त्याआधी १६६७ मध्ये कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. पुढे तो धर्मगुरू आणि मग बिशप झाला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ मध्ये त्याला धन्यवादित घोषित केले. दगडाचे वय मोजल्याने श्रद्धेला बाध येतो असे ज्यांना वाटते त्यांनी या बिशपांचे चरित्र जरूर वाचावे.

आता या अग्नीने काय घेतले ते पाहू. लाव्हा वाहिला त्या प्रदेशातील जीवन भाजून निघाले हे उघडच आहे, परंतु हानी तेवढ्यावर थांबली नाही. लाव्ह्याबरोबर गंधकाचे व कर्बाचे अफाट वायू आकाशात गेले. त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक मोठा अशनी आदळला. पृथ्वीवरील सुमारे तीन चतुर्थांश जीवजाती त्या काळात नामशेष झाल्या, डायनोसॉर हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. या संहारात मुख्य वाटा अशनीचा होता असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, मात्र दख्खनच्या लाव्ह्याचा भार किती होता, याविषयी अद्याप वाद चालू आहे.

आणि या अग्नीने दिले काय? दोन पुरांमधल्या शांततेत दगडावर माती साचली, तळी भरली. मुंबईतील वरळीच्या टेकडीत अशा एका तळ्याच्या गाळात लहानशा बेडकांचे जीवाश्म सापडले. आगीच्या दोन थरांमध्ये बेडूक परत आले होते! पुढे ऊनपावसाने तोच दगड कुजला. जेथे पाऊस बेताचा तेथे त्याची काळी माती झाली. तिच्यातील चिकणमाती पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि पावसाळा सरल्यावरही ओल धरून ठेवते. त्या ओलीवरच मराठवाडा आणि सोलापूरकडची रब्बीची ज्वारी उभी राहते. कोकणात धो धो पावसाने त्याच दगडातील सिलिका वाहून नेली, लोह व अॅल्युमिनियम मागे राहिले, आणि तांबडा जांभा तयार झाला. दगड मूळचा एकच. एकीकडे त्याची भाकर झाली, दुसरीकडे भिंत. मोठे प्राणी गेल्यावर मोकळ्या झालेल्या जगात लहानसहान सस्तन प्राणी वाढले आणि त्यांच्या वंशात, फार उशिरा, मनुष्य आला.

येथे मन एका मोहात पडते. जे झाले ते बऱ्यासाठीच झाले, संहार झाला म्हणूनच आपण आहोत, अग्नी आला म्हणूनच काळी माती आहे, असा हिशेब मांडावासा वाटतो. हिशेब ऐकायला गोड आहे, परंतु तो मांडतो कोण? ज्याच्या ताटात भाकर आहे तो. जे जळाले त्यांची सही त्या कागदावर नसते. लाभ झाला ही वस्तुस्थिती आहे. त्या लाभामुळे हानी न्याय्य ठरली हा मात्र निर्णय आहे, आणि तो निर्णय देण्याचा अधिकार लाभधारकाकडे कसा असू शकेल? ६ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांविषयी असा हिशेब कुणी मांडला तर फारसे बिघडत नाही. पण हीच सवय पुढे किल्लारीच्या ढिगाऱ्यावर बसलेल्या माणसापर्यंत जाते, आणि तेथे ती क्रूर होते.

दुसरा मोह याच्या उलट आहे. तो म्हणतो, हानी झाली म्हणजे कुणाचे तरी पाप असलेच पाहिजे. या मोहाची एक जुनी कथा आइसलँडमधील आहे आणि ती आपल्या दगडाच्याच भाऊबंदाची आहे. ८ जून १७८३ रोजी त्या बेटावर लाकी नावाच्या ठिकाणी जमिनीला सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग पडली आणि तिच्यातून बेसाल्टचा लाव्हा आठ महिने वाहत राहिला. दख्खनच्या पुरांपुढे हा एक ओहोळच म्हणावा लागेल. तरीही माणसाने पाहिलेल्या अशा उद्रेकांतील तो सर्वांत मोठ्यांपैकी एक. सुमारे १२ कोटी टन गंधकवायू हवेत गेला. फ्लोरिनने गवत विषारी केले, बेटावरील निम्म्याहून अधिक जनावरे मेली आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळात दर पाच माणसांमागे जवळजवळ एक माणूस दगावला.

तेथील एका गावचे ल्यूथरन धर्मगुरू होते योन स्टेनग्रिम्सन. २० जुलै १७८३ च्या रविवारी लाव्हा गावाच्या दिशेने सरकत असताना त्यांनी लोकांना चर्चमध्ये जमवून उपासना केली. उपासना संपल्यावर पाहतात तो लाव्हा चर्चच्या अलीकडेच थबकला होता. त्या देशात आजही ती ‘अग्निउपासना’ म्हणून ओळखली जाते. लोकांनी प्रार्थनेचा विजय मानला. धर्मगुरूंनी सबंध आपत्तीत ईश्वराचा कोप पाहिला, तो त्या काळचा विचार होता. पण चर्च वाचले ते प्रार्थनेमुळे, तर त्यानंतर उपाशी मेलेली माणसे कशामुळे मेली? त्यांची प्रार्थना का कमी पडली? पुढल्या वर्षी खुद्द धर्मगुरूंची पत्नीही वारली. कोपाच्या सिद्धांताने या प्रश्नांचे समाधान होत नाही.

मला मात्र त्या धर्मगुरूंची दुसरी एक कृती अधिक बोलकी वाटते. संकटग्रस्तांसाठी आलेल्या सरकारी रकमेची मोहोरबंद पेटी नेण्याचे काम त्यांच्यावर सोपविले होते. वाटेत भुकेलेली माणसे भेटली. त्यांनी मोहोर फोडली आणि काही पैसे तेथेच वाटून टाकले. त्याबद्दल त्यांना दंड झाला, क्षमाही मागावी लागली. आपत्ती का आली याविषयीचा त्यांचा विचार आज आपल्याला पटत नाही. आपत्ती आल्यावर काय करावे, हे मात्र त्यांच्या हातांना अचूक कळले होते.

प्रभू येशूपुढेही हाच प्रश्न आला होता. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते हे प्रभू साफ नाकारतो. आणि त्यांच्या मृत्यूमुळे दुसऱ्या कुणाचे भले झाले, असेही तो सुचवीत नाही. तो ऐकणाऱ्यांकडे वळतो आणि त्यांनाच पालटण्यास सांगतो. बुरूज का पडला, या प्रश्नाचे तोंड तो मृतांकडून जिवंतांकडे फिरवितो. मला वाटते, आपल्या दगडाच्या प्रश्नाचे उत्तरही याच दिशेला आहे.

किल्लारीची घरे कशी होती? बाहेरून एक व आतून एक अशा दगडी भिंतीच्या दोन बाजू, मध्ये दगडगोट्यांची भर, सगळे मातीच्या गाऱ्यात रचलेले, आणि वर लाकडी खणांवर मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून भिंती रुंद केलेल्या. भिंतीच्या दोन बाजूंना जोडणारा, आरपार जाणारा लांब दगड मात्र क्वचितच घातलेला असे. जमीन हादरली तेव्हा दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटल्या आणि दगड झोपलेल्यांवर आले. पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या.

हा दोष दगडाचा नव्हता. दगड जड आहे हा त्याचा स्वभाव आहे, आणि तो जड आहे म्हणूनच भिंत उभी राहते. भूकंपाचे मूळही त्या लाव्ह्यात नव्हते. किल्लारीखाली बेसाल्टची जाडी अवघी साडेतीनशे मीटरच्या आत आहे आणि हालचाल झाली ती त्याहून खोल, अतिप्राचीन खडकातील भेगेत. मग दोष गवंड्याचा म्हणावा? तो प्रदेश तोवर भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त समजला जात होता. शास्त्रज्ञांनाही जे ठाऊक नव्हते ते खेड्यातील गवंड्याला कसे ठाऊक असणार? त्याने आपल्या बापाकडून शिकलेले घर बांधले, आणि बहुधा स्वतःही तशाच घरात झोपला.

तेव्हा निसर्गाच्या ठायी स्वभाव आहे, अपराध नाही. अज्ञानाच्या ठायी दुःख आहे, क्वचित हलगर्जी आहे, परंतु पाप म्हणावे असे सहसा नाही. नीतीचा आरंभ होतो तो ज्ञानापाशी. दोन बाजू बांधणारा लांब दगड ठरावीक अंतरावर घालावा, भिंतीला सलग पट्टा द्यावा, छपराचे ओझे हलके करावे, हे त्या भूकंपानंतर गावोगाव सांगितले गेले. हे कळल्यानंतरही जो कमी खर्चासाठी भिंत तशीच उभारतो, किंवा उभारू देतो, त्याला ‘देवाची इच्छा’ हे शब्द उच्चारण्याचा अधिकार राहत नाही. ६ कोटी वर्षांपूर्वीच्या अग्नीला कुणी जबाबदार नव्हते. उद्या पडणाऱ्या भिंतीला कुणीतरी असेल.

वाइटातूनही परमेश्वर चांगले घडवू शकतो, ही आपली श्रद्धा आहे आणि मी ती सोडलेली नाही. परंतु ती आशा आहे, स्पष्टीकरण नव्हे. ज्याचे गेले त्याच्या मुखातून ती निघाली तर ती प्रार्थना होते. ज्याची माणसे घरी सुखरूप आहेत त्याने ती दुसऱ्याला ऐकविली तर ती उपेक्षा होते. काळ्या मातीची भाकर खाणाऱ्याने कृतज्ञ असावे. त्या कृतज्ञतेतून दुसऱ्याच्या दुःखाचे कारण मात्र काढू नये. त्या वृद्धाने मला विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ मला उशिरा समजला. ‘तुमची माणसं समदी हायेत न्हवं?’ म्हणजे, हे तुम्ही कुठे उभे राहून बोलता आहात?

आज तो भेटला तर मी काय म्हणेन? दगडाला काही म्हणू नका आजोबा, त्याला काही कळत नाही, असे कदाचित म्हणेन. किंवा काहीच न म्हणता त्याच्या शेजारी त्या ढिगाऱ्यावर बसेन. तेव्हा तो मला उभ्याने बोलताना पाहत होता, हेही मला आता आठवते.

गेल्या वर्षी घराशेजारी कुंपणाची भिंत घालायची होती. गवंडी दोन्ही बाजूंचे दगड नीट निवडून रचीत होता. मधेमधे आरपार जाणारा दगड घाल, असे मी त्याला सांगितले. तेवढा लांब दगड कमीच मिळतो, फोडून घ्यावा लागेल, खर्च वाढेल, असे तो म्हणाला. मी म्हटले, वाढू दे. कुंपणाची कमरेइतकी भिंत, तिच्याखाली कोण झोपणार आहे, म्हणून तो हसला. मीही हसलो. पण दगड घालवून घेतले.